मोबाईलवर आपोआप जाहिराती उघडतात? 'फॉरमॅट' मारण्याआधी हे तपासा

आर्णी : सातबारा पाहायला क्रोम उघडावे आणि समोर लॉटरीची साइट यावी. मोबाईल खिशात असताना टिंग वाजावे आणि स्क्रीनवर 'तुमच्या मोबाईलमध्ये १३ व्हायरस सापडले' असे दिसावे. फोन न वापरताही गरम व्हावा आणि दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपावा. असे काही होत असेल तर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर क्रोमला शिव्या देत तसाच फोन वापरतात, नाहीतर दुकानात नेऊन 'भाऊ, फॉरमॅट मारून द्या' म्हणतात.

दोन्ही करण्याआधी थोडे थांबा. अशा वेळी क्रोम स्वतः क्वचितच बिघडलेले असते. त्याच्या आडून दुसरेच कोणीतरी काम करत असते. ते कोण आहे हे ओळखले की निम्मे काम झाले. कधी दोन मिनिटांत घरीच दुरुस्ती होते. कधी मात्र प्रकरण जाहिरातीचे नसून थेट बँक खात्याचे असते, आणि तिथे एक-एक तास मोलाचा असतो. ज्या फोनवर जाहिराती नाचतात, त्याच फोनवर पीक कर्जाचे, कापसाच्या चुकाऱ्याचे आणि पीएम किसानचे मेसेज येतात. म्हणून हा विषय नुसत्या कटकटीचा नाही.

खाली दिलेली माहिती अँड्रॉइड फोनसाठी आहे. कंपनीप्रमाणे सेटिंगची नावे आणि जागा थोड्या बदलतात. एखादे नाव सापडले नाही तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे तो शब्द टाका.

आधी रोग ओळखा

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : त्रास नेमका कुठे होतो? वरून खाली ओढायच्या पट्टीत, म्हणजे नोटिफिकेशनमध्ये, सारखे मेसेज येत असतील आणि त्यावर क्रोमचे गोल चिन्ह व एखाद्या साइटचा पत्ता दिसत असेल, तर तो व्हायरस नाही. तुम्ही कधीतरी एका साइटला दिलेली परवानगी आहे. हा पहिला प्रकार. सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात सोपा आहे.

दुसरा प्रश्न : क्रोम बंद असतानाही जाहिरात येते का? कॉल संपल्यावर, लॉक उघडल्यावर, व्हॉट्सॲप वापरताना अख्ख्या स्क्रीनवर जाहिरात येत असेल किंवा क्रोम आपोआप उघडत असेल, तर फोनमध्ये एखादे लबाड ॲप बसलेले आहे. हा दुसरा प्रकार.

तिसरा प्रश्न : गेल्या काही दिवसांत व्हॉट्सॲपवर किंवा मेसेजमध्ये आलेली 'एपीके' फाइल फोनमध्ये टाकली का? चालानची, लग्नपत्रिकेची, पीएम किसानची, बँकेच्या केवायसीची, कसलीही? उत्तर 'हो' असेल तर बाकी काही वाचू नका. इंटरनेट बंद करा आणि थेट खालच्या 'एपीके टाकली गेली असेल तर' या भागावर जा. हा तिसरा प्रकार, आणि तो धोक्याचा आहे.

प्रकार पहिला : 'अलाउ' दाबल्याचा त्रास

सिनेमा डाऊनलोडच्या, क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या किंवा निकाल पाहायच्या नावाखाली चालणाऱ्या साइटवर गेले की एक चौकट येते. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा', 'व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा' असे काहीतरी लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते अलाउ म्हणजे त्या साइटला तुमच्या फोनवर कधीही मेसेज टाकायची परवानगी. साइट बंद केली तरी परवानगी राहते. मग ती रोज 'व्हायरस सापडला', 'बक्षीस लागले', 'बॅटरी खराब होत आहे' असे मेसेज धाडत राहते. त्यावर बोट लावले की पुढची लबाड साइट उघडते, आणि तिथून खरोखरचे वाईट ॲप गळ्यात पडू शकते.

उपाय असा :

१. क्रोम उघडा. वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, ते दाबा.
२. 'सेटिंग्ज' आणि मग 'साइट सेटिंग्ज'मध्ये जा.
३. 'नोटिफिकेशन' उघडा. फोन मराठीत असेल तर तिथे 'सूचना' असे लिहिलेले असेल.
४. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. जी ओळखीची नाही ती उघडून परवानगी बंद करा किंवा काढून टाका.
५. त्याच 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' असते. ते बंद ठेवा.
६. परत मुख्य सेटिंगमध्ये येऊन 'सर्च इंजिन' आणि 'होमपेज' पाहा. तिथे भलत्याच साइटचे नाव असेल तर बदला.
७. शेवटी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधून ब्राउझिंग डेटा साफ करा. कुकीज आणि साठवलेली चित्रे, म्हणजे कॅशे, एवढेच निवडा. पासवर्ड साठवलेले असतील तर त्यावरची खूण काढून मगच पुढे जा. कुकीज गेल्या की काही साइटवर पुन्हा लॉगिन करावे लागते, ते चालायचेच.

एवढ्याने मेसेज थांबले तर फोनला काहीही झालेले नव्हते. फॉरमॅटची गरज नाही, दुकानात पैसे घालवायची तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एखादी वेबसाइट तुमच्या फोनच्या आत डोकावून व्हायरस मोजू शकत नाही. 'एवढे व्हायरस सापडले' असे वेबपेज सांगत असेल तर ती जाहिरात आहे. त्यातले 'क्लीन' बटण दाबू नका. पान बंद होत नसेल तर क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

प्रकार दुसरा : लपून बसलेले ॲप

हे ॲप कुठून येते? बहुतेक वेळा आपणच टाकलेले असते. फुकटचे टॉर्च, कॅमेरा सुंदर करणारे, फोन 'साफ' करणारे, गाणी उतरवणारे, मोडेड गेम. सुरुवातीला ते चांगले चालते आणि मग रंग बदलते.

याचे गाजलेले उदाहरण आहे. 'बारकोड स्कॅनर' नावाचे एक ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवर होते आणि १ कोटीपेक्षा जास्त वेळा डाऊनलोड झाले होते. लोक ते कितीतरी दिवस निर्धास्त वापरत होते. २०२० च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटनंतर मात्र फोनमधला ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती दाखवू लागला. लोकांना वाटायचे क्रोम बिघडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअरबाइट्स या कंपनीने खरा चोर दाखवून दिला. गुगलने ॲप प्ले स्टोअरवरून काढले, पण ज्यांच्या फोनमध्ये ते होते त्यांना ते स्वतःच काढावे लागले.

त्याआधी जुलै २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने 'एजंट स्मिथ' नावाचा प्रकार उघडकीस आणला. जगभरात सुमारे २.५ कोटी फोनमध्ये तो शिरला होता आणि त्यातले सुमारे १.५ कोटी फोन आपल्या भारतातले होते. तो प्ले स्टोअरऐवजी '९ॲप्स' या बाहेरच्या दुकानातून आला होता. गुगलच्याच एखाद्या अपडेटचे सोंग घेऊन तो फोनमध्ये बसायचा आणि फोनमधली चांगली ॲप काढून त्यांच्या जागी जाहिराती दाखवणारी नकली ॲप ठेवायचा.

दोन्ही प्रकरणांचा धडा एकच. जिथे जाहिरात दिसते ते ॲप दोषी असेलच असे नाही. मग दोषी कसा शोधायचा?

चोर पकडण्याच्या चार युक्त्या

पहिली युक्ती : जाहिरात स्क्रीनवर असतानाच खालचे चौकोनी किंवा तीन रेघांचे बटण, म्हणजे नुकतीच उघडलेली ॲप दाखवणारे बटण, दाबा. सगळ्यात पुढच्या पानाच्या डोक्यावर ज्या ॲपचे चिन्ह असेल, ते पहिले संशयित. चिन्ह कोरे किंवा नाव नसलेले असेल तर संशय आणखी पक्का.

दुसरी युक्ती : त्रास कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या सुमारास कोणते ॲप टाकले ते पाहा. घरातल्या पोरांना पण विचारा. गेम बऱ्याचदा त्यांनी टाकलेले असतात. पण 'बारकोड स्कॅनर'सारखे जुने ॲपही अपडेटनंतर बिघडू शकते, हे विसरू नका.

तिसरी युक्ती : सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' शोधा. दुसऱ्या ॲपच्या डोक्यावर चढून बसण्याची परवानगी कोणाकोणाला आहे याची ही यादी आहे. टॉर्चला किंवा कॅल्क्युलेटरला ही परवानगी कशाला लागते? बंद करा.

चौथी युक्ती : सेफ मोड. पॉवर बटण दाबून धरा. 'पॉवर ऑफ' असे आले की त्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये सेफ मोडचा पर्याय येतो. या अवस्थेत फोनसोबत आलेली ॲप तेवढी चालतात, तुम्ही टाकलेली झोपून राहतात. पाच-दहा मिनिटे फोन वापरून पाहा. जाहिराती बंद झाल्या तर चोर तुम्ही टाकलेल्या ॲपमध्येच आहे. फोन बंद करून चालू केला की तो पुन्हा नेहमीसारखा होतो.

काढायचे कसे?

होम स्क्रीनवर चिन्ह नसले तरी सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'च्या पूर्ण यादीत ॲप दिसते. तिथून 'अनइन्स्टॉल' करा. काही ॲप 'सिस्टीम सर्व्हिस', 'अपडेट' अशी साळसूद नावे घेऊन बसतात. पण खरी सिस्टीमची ॲप उगाच काढू नका. नावाबद्दल खात्री नसेल तर आधी 'डिसेबल' किंवा 'फोर्स स्टॉप' करून फरक पडतो का ते पाहा.

'अनइन्स्टॉल'चे बटण फिके असेल, दाबले जात नसेल, तर त्या ॲपने फोनच्या मालकाचा अधिकार घेऊन ठेवला आहे असे समजा. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधा, तिथे त्याचा अधिकार काढा आणि मग अनइन्स्टॉल करा. त्याचबरोबर 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून पाहा. ही सोय डोळ्यांनी किंवा हातांनी अधू असलेल्या लोकांसाठी आहे. ती ज्या ॲपला मिळाली, ते ॲप स्क्रीनवरचे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. अनोळखी नाव दिसले तर ताबडतोब बंद करा.

नंतर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट लावा, 'प्ले प्रोटेक्ट'मध्ये जाऊन 'स्कॅन' करा. तिथे 'प्ले प्रोटेक्ट बंद आहे' असे दिसले आणि ते तुम्ही बंद केलेले नसेल, तर एखाद्या ॲपने तुमच्याकडूनच ते बंद करून घेतले असण्याची शक्यता आहे. आधी चालू करा.

केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २१ फेब्रुवारी २०१७ पासून आहे. सर्ट-इन ही सरकारी संस्था ते चालवते. त्यांच्या साइटवर मोबाईल आणि कॉम्प्युटर साफ करण्याची साधने फुकट दिलेली आहेत. अँटिव्हायरस हवाच असेल तर तिथून किंवा नावाजलेल्या कंपनीचे एकच घ्या. तीन-तीन 'क्लीनर' टाकून फोन बरा होत नाही. कधीकधी तोच क्लीनर जाहिरातवाला निघतो.

प्रकार तिसरा : जाहिरात नाही, पण खाते रिकामे

पहिले दोन प्रकार आवाज करतात. तिसरा गुपचूप राहतो. म्हणून तो जास्त घातक.

ॲपची फाइल 'एपीके' या नावाने संपते. प्ले स्टोअर न वापरता कोणीही ती व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो. 'आरटीओ चालान', 'शादी कार्ड', 'पीएम किसान', 'बँक केवायसी', 'वीज बिल अपडेट' अशी नावे देऊन या फाइल फिरतात. टाकली की ती आधी मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोहोचतो. काही ॲप बँकेसारखा दिसणारा फॉर्म दाखवतात आणि खाते क्रमांक, कार्ड, पिन लिहून घेतात. बऱ्याचदा ॲपचे चिन्हही गायब होते, त्यामुळे 'फाइल उघडलीच नाही' असे वाटून माणूस विसरून जातो.

सर्ट-इनने सप्टेंबर २०२१ मध्ये 'ड्रिनिक' नावाच्या अशाच मालवेअरचा इशारा दिला होता. आयकर परतावा मिळेल असे सांगून लोकांना ॲप टाकायला लावायचे आणि मग बँकेची माहिती काढायची, अशी त्याची रीत होती. २७ हून अधिक बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते. आयकराच्या जागी पीएम किसान टाका, तेच गाव आपले होते.

पीएम किसानचा १६ वा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या यवतमाळातल्याच कार्यक्रमातून सोडला गेला. हप्त्याचे २,००० रुपये कधी येतात याकडे घरोघरी डोळे लागलेले असतात, हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असते. कापसाचेही तसेच. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. खरिपात 'ई-पीक पाहणी' करावीच लागते. म्हणजे शेतकऱ्याला ॲप टाकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि नेमका तिथेच नकली ॲपवाला उभा राहतो. म्हणून नियम साधा ठेवा. सरकारी ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचे, आणि शक्यतो त्या खात्याच्या साइटवर दिलेल्या दुव्यावरून. ग्रुपवर आलेली फाइल कितीही ओळखीच्या माणसाने पाठवली असली तरी उघडायची नाही. त्या माणसाचे व्हॉट्सॲप आधीच चोराच्या हातात गेलेले असू शकते, आणि फाइल त्याच्या नावाने आपोआप सगळ्या ग्रुपवर पडत असते.

एपीके टाकली गेली असेल तर : पहिल्या तासात काय?

घाबरू नका, लाजू पण नका. शिकले-सवरलेले लोकही यात अडकतात. फक्त क्रम चुकवू नका.

१. फोन एरोप्लेन मोडवर टाका. वायफाय चालू राहिले तर तेही बंद करा. म्हणजे चोराकडे मेसेज जाणे थांबते.

२. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावा. नंबर पासबुकवर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला घ्या. गुगलवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर' नंबर घेऊ नका, तिथेही नकली नंबर असतात. यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. शाखा उघडी असेल तर कोणाला तरी तिकडे पाठवा.

३. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. इथे तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येऊ शकतात. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात. 'उद्या सकाळी बघू' म्हणाल तर उशीर होईल.

४. 'सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी साइटवर तक्रार भरा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सोबत पासबुक, पैसे गेल्याचा मेसेज, व्यवहाराचा क्रमांक आणि ती फाइल कोणत्या नंबरवरून आली त्याचा फोटो न्या. फोटो दुसऱ्या फोनने काढा.

५. हे झाल्यावरच फोनची साफसफाई. दुकानात फॉरमॅट मारला की पुरावाही जातो, म्हणून आधी तक्रार, मग फॉरमॅट. पोलिसांनी फोन तसाच ठेवायला सांगितले तर तसाच ठेवा.

६. फॉरमॅट करण्याआधी फोटो आणि नंबर सांभाळून ठेवा, पण ॲप आणि एपीके फाइल परत घेऊ नका. गुगल खात्याचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला.

७. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. अनोळखी कॉम्प्युटर किंवा फोन जोडलेला दिसला तर लॉग आउट करा. सगळ्या ग्रुपवर सांगा, 'माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका.' गावात साखळी तुटते ती इथेच.

८. आपले कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे *#२१# डायल करून पाहा. वळवलेले असतील तर ##००२# डायल करून रद्द करता येते.

पैसे परत मिळतात का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याबाबत परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. त्याचा गाभा असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घोळ झाला, आणि ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही त्याच्यावर भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन किंवा पासवर्ड देऊन बसल्यामुळे, पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे.

याचा आपल्यापुरता अर्थ काय? कळवण्याची वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. चूक कोणाची हा वाद नंतर होईल. आधी बँकेला सांगा आणि सांगितल्याचा पुरावा ठेवा.

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर तोच त्रास

तालुक्यात अनेक कामे सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होतात. दिवसभरात कितीतरी जणांचे आधार आणि पासबुक त्यावर उघडतात. तिथे ब्राउझर विचित्र वागू लागला तर केंद्र चालवणाऱ्यांनी हे पाहावे.

मोबाईलच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन नसतात, कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये असतात. सर्च आपोआप बदलणे, प्रत्येक साइटवर जाहिराती दिसणे, यामागे बऱ्याचदा एखादे एक्स्टेन्शन असते. तीन ठिपके, 'एक्स्टेन्शन्स', 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' असे जाऊन अनोळखी ते काढा. नंतर क्रोमच्या सेटिंगमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याने जात नाहीत.

इंटरनेट चालू असून एकही साइट उघडत नसेल आणि 'प्रॉक्सी'चा उल्लेख येत असेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' पाहा. तुम्ही न घातलेला पत्ता तिथे असेल तर बंद करा. मग 'विंडोज सिक्युरिटी'मधून पूर्ण स्कॅन करा. त्रास परत परत येत असेल तर तिथलाच 'ऑफलाइन स्कॅन' वापरा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपलेल्या मालवेअरला पळायला जागा राहत नाही.

गावोगाव फिरणारा पेन ड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करा. फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट दिसत असतील तर त्यावर डबल क्लिक करू नका. आणि विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली आहे. जुन्या मशीनवर लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुन्हा त्रास नको म्हणून

- सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' उघडा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर परवानगी बंद असली पाहिजे. हे एक बटण बंद असेल तर चुकून दाबलेली एपीकेही बसत नाही.

- 'ही फाइल धोकादायक असू शकते' असा इशारा आला तर 'तरीही टाका' दाबू नका. एखादे ॲप स्वतःच 'प्ले प्रोटेक्ट बंद करा' किंवा 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज करा' असे शिकवत असेल तर ते चोरच आहे असे समजा.

- ॲप परवानगी मागते तेव्हा कामाशी मेळ घाला. लग्नपत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत?

- साइटचा पत्ता वाचा. सातबारा, पीएम किसान, ई-चालान यांच्या सरकारी साइट 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतात. नाव मध्येच कुठेतरी असून शेवट वेगळा असेल तर बंद करा.

- चालानचा मेसेज आला तर त्यातल्या दुव्यावर न जाता स्वतः सरकारी साइट उघडून गाडीचा नंबर टाका. खरे चालान तिथे दिसेलच.

- क्रोम आणि फोनचे अपडेट येऊ द्या, पण ते प्ले स्टोअर आणि फोनच्या सेटिंगमधूनच. वेबपेज म्हणाले 'क्रोम अपडेट करा', तर तो सापळा आहे.

- घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये वरची सेटिंग आजच करून द्या. बँकेचा नंबर आणि १९३० कागदावर लिहून भिंतीला लावा. फोन बंद ठेवायची वेळ आली की फोनमध्ये साठवलेला नंबर कामाचा नसतो.

थोडक्यात, मेसेज नुसत्या नोटिफिकेशनमध्ये असतील तर साइटची परवानगी काढा. जाहिराती सगळीकडे असतील तर ॲप शोधून काढा. एपीके टाकली असेल तर नेट बंद, बँक, १९३०, आणि मगच फॉरमॅट. ही माहिती आपल्या गावाच्या ग्रुपवर अवश्य पाठवा.